तुळसाने फेकलेलं जाळं

मालवणच्या खाडीत तुळसा पहाटेच्या काळोखात पाग टाकायची, म्हणजे एकट्याने फेकायचं ते गोल जाळं. सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं आणि सगळी वाडी डोळ्यांवर कातडं ओढून बसली होती. कारण त्या वाडीचा दंडकच तसा: बाईने मासे विकावेत, जाळ्याला हात लावू नये. नवरा गणपत कमरेत अधू होऊन घरी बसलेला. मासे त्यानेच धरले असं सांगायचं आणि गप्प राहायचं. तुळसाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हात माझे आणि नाव त्याचं, हा कुठला न्याय?

१९५९च्या मे महिन्यात शेजारचा गुरुदास मुंबईहून रजेवर आला. कार्टून सिनेमाच्या कंपनीत तो चित्रं काढायचा, आणि कोळ्यांवरच्या एका छोट्या सिनेमातला जाळं फेकणारा माणूस त्याच्या वाट्याला आला होता. त्याने कागदांची चळत अंगठ्याने भरभर सोडून दाखवली. माणूस हलला, जाळं उडालं. तुळसा खो खो हसत सुटली.

“मेल्या, हो जाळां टाकता की अक्षता?”

गुरुदास चिडला. “मगे कशी टाकतत?”

“पयलो मागे जा. अंग पिळल्याबिगर जोर खंयसून येतलो? मगे कंबर फिरता, तिच्यामागसून हात. हात थांबलो तरी जाळां थांबना नाय, ता आपल्या वजनान पसारता. तुझा सगळा एकदमच सुटता!”

कंपनीतला साहेब वर्षभर हेच कानीकपाळी ओरडत होता, पण गुरुदासला ते आत्ता कळलं. “काकी, करून दाखव. पण उजेडात, माका सगळा दिसाक व्हया.”

उजेडात म्हणजे चारचौघांसमोर. तुळसाने खुंटीवरचं जाळं उचललं. मग म्हणाली, “दाखवतंय. बघूंदेत सगळे!”

भर दुपारी ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, जाळ्याची कड दातांत धरून. वाडीचे पुढारी हरिश्चंद्र दाजी काठावरून गरजले, “तुळसा, जाळां खाली ठेव! वाडीची लाज काढलंस!” तोंडात जाळं होतं म्हणून तिला उत्तर देता आलं नाही, हे दाजींचं नशीब. गुरुदासचे कागद भरेपर्यंत तिने सात वेळा जाळं फेकलं. दाजींनी पुढं दोन वर्षं तिला वाडीच्या मांडावर, म्हणजे सणासुदीला सगळे जमायचे त्या जागेवर, पाऊल ठेवू दिलं नाही. ती मात्र रोज उजेडातच जाळं घेऊन जायची.

तो सिनेमा कुडाळच्या बाजारात, तंबूत लागला. अख्खी वाडी गेली. पडद्यावर जाळं घेऊन आला तो झुपकेदार मिशांचा गडी! तुळसाचं रक्त उसळलं. इथेही पुरुषच? गड्याने अंग पिळलं, जाळं फेकलं, ते हवेत गोल फुललं.

“वा रे गड्या!” दाजी मांडीवर थाप मारून ओरडले. “ह्याका म्हणतत जाळां टाकना!”

एवढ्यात त्या मिशीवाल्याचा डावा हात डोक्याकडे गेला आणि त्याने नसलेला पदर पुढे ओढून नीट केला. गुरुदासने दिसलं ते सगळं काढलं होतं, हेसुद्धा. आधी बायका फिसकन हसल्या, मग सगळ्यांच्या माना तुळसाकडे वळल्या.

तुळसा उठून उभी राहिली.

“दाजीनु, मिशी कंपनीची आसा, जाळां माझा! आता सांगा, लाज कोणाची गेली?”