मेलेली पावडर

एम.एस्सी.ला असताना मी असोद्याहून रोज बसने जळगावच्या कॉलेजात जायचे. माझं प्रोजेक्ट एका रंगावर होतं. त्याचा थेंब टाकला की अंधाऱ्या पेटीतल्या अतिनील दिव्याखाली पाणी हिरवं चमकायचं. पाण्यात क्लोरीन असलं की ती चमक विझायची.

आबा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करत. टाकीत ब्लीचिंग पावडर कालवणंही त्यांच्याकडेच. त्या पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं. पारावर कुणीतरी म्हणालं, "हा पावडर टाकतच नसंन." आबांच्या कानावर ते आलं. ते अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी मी नळाचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेलं. रंग टाकला. पाणी लख्ख चमकत राहिलं. क्षणभर माझ्याही मनात नको ते आलं. सर म्हणाले, "क्लोरीन वाटेत उडूनही जातो. पावडरच घेऊन ये."

आबांनी पंपघरातल्या गोणीतून पुडी बांधून दिली. ती कालवून रंगात टाकली, चमक तशीच. कॉलेजच्या बंद डब्यातली टाकली, तर चमक तिथल्या तिथे गेली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते.

"म्हंजे मी इतके दिवस चुनाच कालवत व्हतो का?"

"गोणी जुनी आहे, आबा. ओल लागून क्लोरीन उडाला, पावडर मेली. तुम्ही टाकत होतातच ना!"

"मी टाकत व्हतो ते मले ठावं हाये. लोकांचं पोट बिघडलं त्याचं काय?"

सकाळी टोपी घालून ते एकटेच सरपंचांकडे गेले. नवी पावडर येईपर्यंत त्यांनी टाकी उपसून घासली, आणि पाणी उकळून प्या म्हणून घरोघर सांगत फिरले. नावं ठेवणाऱ्यांच्या दारातही गेले. नवी पावडर घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये आली. पारावरचं बोलणं आपोआप थांबलं. माफी कुणी मागितली नाही.

काकू घरी आल्यावर आबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"पावडर मेलेली व्हती, वहिनी. वासावरून मले कळायले पाहिजे व्हतं. नाकाले सवयच झाली."

काकू अजून अशक्तच होत्या. त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि आबांना म्हणाल्या, "बसा आता, भाऊ. उभे काहून?"