झाकून ठेवलेली पेशी

हृदयातली पेशी आकुंचन पावते त्याआधी तिच्यातून विजेची एक लाट जाते. ती लाट सर मोजायचे आणि मी तिचं गणित मांडायचे. तसे ते काही माझे वर्गातले सर नव्हते. मी गणिताची, ते शरीरक्रियाशास्त्राचे. पण पेशी म्हणजे काय हे मला त्यांनी समजावलं, तेही हजारदा वैतागून, म्हणून सर.

त्यांचं काम हाताचं होतं. सशाच्या हृदयातली एक पेशी घ्यायची, केसाहून बारीक काचेची नळी तिला अलगद चिकटवायची आणि ती मरायच्या आत मिळेल तेवढं नोंदवून घ्यायचं. सर श्वास रोखून बसत. अशा वेळी कोणी दार आपटलं की त्यांचं बडोद्याच्या नागरवाड्यातलं बालपण गुजराती शिव्यांसकट तोंडातून बाहेर पडे आणि सगळा विभाग ऐके. माझं काम खुर्चीतलं. पेशीच्या भिंतीत सोडियमची, पोटॅशियमची, कॅल्शियमची वेगवेगळी दारं असतात. कुठलं दार किती आणि केव्हा उघडतं याचे आकडे समीकरणात घालायचे, आणि माझी रेघ सरांच्या नोंदीवर चपखल बसेपर्यंत ते बदलत राहायचं. याला आम्ही फिट करणं म्हणतो.

यात एक गोम आहे. आकडे भरपूर असले की काहीही फिट होतं. मी तर शेजारणीच्या वजनाचा आलेखही बसवून दाखवीन. म्हणून काही नोंदी आधीच बाजूला काढायच्या, त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. आकडे पक्के झाले की मगच त्या उघडायच्या आणि न पाहिलेल्या पेशीवर आपली रेघ बसते का ते पाहायचं. आमची आई सणाच्या दिवशी नैवेद्य दाखवेपर्यंत आमटीचं मीठसुद्धा चाखू द्यायची नाही. तसंच हे. ती शिस्त माझ्या अंगात मुरलेली, आणि हट्टीपणा जन्मजात.

पुढे सरांच्या हाताला कंप सुटला. निवृत्तीच्या जरा आधी, सगळं जमून आलेल्या एका दुपारी त्यांनी शेवटची पेशी नोंदवली. एवढा वेळ तग धरलेली पेशी आमच्याकडे दुसरी नव्हती. मला वाटलं, ही फिट करायला मिळणार. सर म्हणाले, "ही तू बाजूला ठेव. परीक्षा घ्यायची तर चांगल्या पेशीवर घे." मी न बघता ठेवून दिली.

मग मी अडकले. आकड्यांचे दोन संच निघाले, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, आणि दोन्हींची रेघ तंतोतंत सारखी. खरा कोणता, हे कळायला मार्ग नाही. रविवारी मी अलकापुरीत सरांच्या घरी जाई. काकू सेव-उसळ पुढे ठेवत आणि सर पहिला घास घ्यायच्या आत विचारत, "उघडलीस?"

"नाही सर. अजून आकडे पक्के नाहीत."

"हवे उघड ना, आता तरी! ती सेलच सांगेल तुला खरा संच कोणता."

"आणि मग परीक्षा कशावर घेऊ? पेपर आधी फोडायचा आणि वर पहिला नंबर मिरवायचा?"

सर हसत. "वांधो नाही. मी काय कुठे जातो?"

काकू मात्र एकदा मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, दाखव ना त्यांना. रोज विचारतात." मी म्हटलं, थोडंच राहिलंय. चष्मा फ्रीजमध्ये सापडतो, तेच ते पुन्हा विचारतात, हे काकू सांगत होत्या. मी मान डोलावत होते आणि मनात पोटॅशियमचा हिशेब चालला होता.

जुन्याच नोंदींतून, पेशीला वेगवेगळ्या वेगाने चेतवल्यावर काय झालं ते तपासत तपासत, अखेर एक संच बाद झाला. त्याच दिवशी मी सरांची पेशी उघडली. माझी रेघ तिच्यावर अशी बसली की दोन रेघा आहेत हे कळेना. मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले. आणि लगेच रडू आलं, कारण मधल्या महिन्यांत अलकापुरीतले रविवार कसे जायला लागले होते हे मला ठाऊक होतं. "उघडलीस?" हा प्रश्न कधीचा थांबला होता.

नियम बरोबर होता. आजही मी मुलांना तोच शिकवते आणि कोणी मोडला तर फाडून खाते. पण सरांना शाबासकीची हौस नव्हती. त्यांना फक्त बघायचं होतं, की आपण आयुष्यभर जे मोजलं ते कोणाच्या तरी गणितात खरं ठरतं का. तेवढं मी त्यांना वेळेवर देऊ शकले नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि बरोबर असूनही वाईट वाटतं म्हणून जास्तच.

तरी लॅपटॉप घेऊन गेले. काकूंनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, चष्मा लावून दिला. मी पडद्यावर दोन्ही रेघा वेगळ्या करून दाखवल्या, वर माझी, खाली त्यांची नोंद. सर बराच वेळ बघत राहिले. माझ्या रेघेकडे नाही, खालच्या नोंदीकडे. बोट काचेजवळ नेऊन त्यांनी लाटेचा चढ, माथा, उतार, सगळं सावकाश गिरवलं. चेहरा उजळला.

"फारच सुंदर काढली आहे," ते माझ्याकडे वळून अदबीने म्हणाले. "तुम्ही कोणाकडे शिकलात?"

काकू आत निघून गेल्या.

"इथेच," मी म्हटलं. "बडोद्यात."