ताईनं पाडलं नव्हतं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जुन्या शहरात भाजी घेत होतो. मेंदूत रक्तस्राव झाला, अमरावतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी नुसता सुन्न होतो. राग आला तो तेरवीला. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चार लोकांत म्हणाले, "तिच्या हातून पिल्लू पडलं होतं, पण तिनंच त्याचं ऑपरेशन करून आणलं. एवढी मायाळू." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताईनं पिल्लू पाडलं नव्हतं. बिट्टू, त्यांच्या घरचा पॉमेरेनियन, सहा-सात महिन्यांचा असताना मागचा पाय उचलून चालू लागला. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "जिन्यावरून हिनंच पाडलं असन." सांभाळायची ती, म्हणून दोषही तिचा. ती त्याला घेऊन अकोल्याला माहेरी आली आणि आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "ताई, याले कोनी पाडलं नाही. अशा लहान जातीच्या वाढत्या पिल्लाईत खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याले रक्त पोचवनाऱ्या वाहिन्या लय बारीक असतात. रक्त थांबलं का गोळा आतून मरते, मंग ढासळते. कावून थांबते, ते आमालेबी पुरतं समजलं नाही." मेलेला गोळा काढला की स्नायूंच्या आधारानं चालेल, असं ते म्हणाले, आणि पुढे तसंच झालं. पण त्या वेळी ताईनं ऑपरेशनचं काही विचारलंच नाही. म्हणाली, "साहेब, हे आमच्या घरी फोनवर सांगता का?" सांगितलं बिचाऱ्यांनी. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "डॉक्टरबी माहेरचाच निंगला." शेजारीच भाऊजी खाकरलेले ऐकू आले... आणि फोन ठेवला गेला.

सासूबाईंपेक्षा मला त्यांचाच राग आहे. बायकोची बाजू घ्यायला तोंड उघडलं नाही, आणि ती गेल्यावर तोच खोटा आळ कौतुक म्हणून सांगत सुटले. मी तिथंच म्हणालो, "भाऊजी, तिनं पाडलं नव्हतं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे ना, आता काय त्याचं."

बिट्टूला मी घरी घेऊन आलो. उचलायला वाकलो तर तो मागे सरकला. मी खाली बसेपर्यंत थांबला, मग आपणहून मांडीवर चढला. तेव्हा आठवलं... ऑपरेशननंतर ताईनं त्याला उचललेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. ती जमिनीवर बसायची आणि तो येईपर्यंत वाट पाहायची. डॉक्टरांनी निर्दोष ठरवलेली बाई, पुन्हा आळ येईल म्हणून आपल्याच घरात कुत्र्याला उचलायला भ्यायची. त्याला उभ्यानं उचलून घ्यायची सवय लावून पाहतोय. तो अंग चोरतो. मग मी फरशीवर बसतो, ताई बसायची तसा, आणि भाऊजींना शिव्या घालत त्याची वाट पाहतो.