रांगोळीतला बारावा ठिपका

आधीच स्पष्ट सांगते — भूत, भानामती, अंगात येणं, पाणी शोधणाऱ्या पानाड्याच्या हातातली काठी आपोआप फिरणं, यातलं काहीही मी मानत नाही. कोणी असले किस्से सांगायला लागलं की मी "नक्की जागा कुठली? बघितलं कोणी?" असं विचारून त्यांचा मूड घालवते. माझं कामच ते आहे हो. रियाधला एका कंपनीत मी नकाशे करते. उपग्रहाच्या फोटोवर रस्ते, इमारती, विहिरी यांचे बिंदू टाकायचे आणि प्रत्येक बिंदूपुढे 'स्रोत' नावाचा रकाना भरायचा — ही माहिती कुठून मिळाली? स्रोत नसेल तर बिंदू खोडायचा. सात वर्षं मी लोकांचे बिंदू खोडत आलेय. आणि हा अनुभव नेमका मलाच यावा, याचा मला अजून राग येतो.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई राजापूरहून तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या. काय आणायचं नाही याची यादी मी फोनवर दोनदा वाचून दाखवली होती. त्यांनी ती मन लावून ऐकली आणि दोन किलो पांढरी पूड पिशवीत बांधून आणली. रांगोळी! यादीत नव्हती ना ती! विमानतळावर कस्टमच्या माणसाने पिशवी वर धरून विचारलं, हे काय? बाई जराही घाबरल्या नाहीत. चिमूट घेऊन त्याच्याच काउंटरवर त्यांनी एक कमळ काढलं. त्याने अजून दोघांना बघायला बोलावलं, पूड मशीनमध्ये तपासली आणि हसत "खलास, यल्ला" — झालं, चला — म्हणून सोडलं. बाहेर मी आणि माझा नवरा निखिल घामाघूम. ह्या म्हणतात, "चांगला होता हो मुलगा. कमळ पुसू देईना."

तेव्हापासून रोज सकाळी रियाधच्या मलज भागातल्या आमच्या फ्लॅटच्या दारात, आतल्या बाजूला, तपकिरी लाद्यांवर रांगोळी. ऑफिसला जाताना मी रोज ती उडी मारून ओलांडायची.

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास रुस्नी सासूबाईंचं बीपी बघायला आली. ही आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी इंडोनेशियन नर्स. हॉस्पिटलातल्या भारतीय नर्सांकडून कामापुरतं हिंदी शिकलेली. आमच्या घरी यायची तिची ही पहिलीच वेळ — हे लक्षात ठेवा, पुढे मी यावरच डोकं आपटणार आहे. ती दारात चपला काढायला वाकली आणि तशीच राहिली.

"इबू," ती सासूबाईंना म्हणाली. इबू म्हणजे आई. "ये मेरा गाँव आपने कैसे बनाया?"

सासूबाई म्हणाल्या, "गाव कसलं, बाई? रोज कमळ काढून कंटाळा आला. आज हात जाईल तसा जाऊ दिला."

रुस्नी तर्नातेची. इंडोनेशियाच्या पूर्वेला एक इवलंसं बेट — मधोमध ज्वालामुखी, पायथ्याशी शहर. शहर जिथे संपतं तिथून वर, लवंगांच्या झाडांत हिची वस्ती. तिला नाव नाही. शहरातले लोक नुसतं 'वर' म्हणतात.

मी लगेच लॅपटॉप उघडला. म्हटलं, आत्ता हिचा गैरसमज दूर करते. त्या बेटावर सदा ढग, पण एक स्वच्छ फोटो मिळाला. त्यावर रांगोळीचा फोटो पारदर्शक करून ठेवला, थोडा फिरवला, एका बाजूने जरासा ताणला... आणि मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अर्धगोलातली अकरा छपरं, अकरा ठिपके. समुद्राकडे उतरणाऱ्या दोन वाटा. मशिदीच्या जागी सासूबाईंनी काढलेली छोटी चांदणी. सगळं जिथल्या तिथे! फक्त एक ठिपका जास्तीचा होता. तो वस्तीच्या सिमेंटच्या बॅडमिंटन कोर्टावर पडत होता.

तो ठिपका बघितला आणि रुस्नी रडायलाच लागली.

ती लहान असताना डोंगरावरून चिखल आला आणि वस्तीची एकुलती एक विहीर बुजली. नंतर घरं हलली, झाडं गेली, आणि विहीर नक्की कुठे होती यावर दोन माणसांचं एकमत होईना. तेव्हापासून पाणी खालून वाहून आणायचं. रुस्नीची आई त्या विहिरीवर रोज पाणी भरायची. ती वारली आणि रुस्नीच्या वडिलांनी, पापांनी, विहीर शोधायला घेतली. वय सत्तर, छातीचं दुखणं, तरी स्वतःच्या जमिनीत तीन खड्डे खणून झाले होते. "मुझे डर है," रुस्नी म्हणाली, "एक दिन पापा गड्ढे में ही मिलेंगे."

तो ठिपका म्हणजेच ती विहीर असं ठरवून, मी काही बोलायच्या आत तिने स्क्रीनचा फोटो काढून पापांना पाठवला.

"आई, तो शेवटचा ठिपका का काढलात?" मी विचारलं.

"कुठला? तो होय? तो काढला नाही, पडला. निखिलने पोह्यांना मिरची घातली, मला शिंक आली, हातातली चिमूट उडाली."

"शिंक?!"

"मग काय करू? पुसायला गेले असते तर फराटा झाला असता."

झालं! माझ्या सासूच्या शिंकेवर एक आजारी म्हातारा अख्ख्या गावाचं कोर्ट फोडायला निघाला होता. त्या कोर्टाचं सिमेंट वस्तीतल्या लोकांनी डोक्यावरून वर नेलेलं. संध्याकाळपर्यंत गावाने पापांशी बोलणं टाकलं. पापा पहार घेऊन कोर्टाच्या मधोमध बसून राहिले. मी रुस्नीला समोर बसवून व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं — चूक झाली, तो ठिपका खोटा आहे, शिंकेने पडलाय. रुस्नीने भाषांतर केलं. पापांनी शांतपणे ऐकलं आणि एक प्रश्न विचारला.

"पापा पूछते हैं," रुस्नी म्हणाली, "एक छींक आयी या दो?"

"एकच," सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

पापांनी समाधानाने मान हलवली. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी गावाने अट घातली. पुढच्या शुक्रवारी फक्त तेवढाच तुकडा फोडायचा. विहीर निघाली नाही, तर पापांनी पहार कायमची खाली ठेवायची आणि शहरात धाकट्या मुलीकडे राहायला जायचं. रुस्नी म्हणाली, "ठीक है, कम से कम खोदना बंद होगा." पण ते घर तिच्या आईचं होतं. तो आठवडा मी नीट झोपले नाही. माझ्या लॅपटॉपवरच्या फोटोमुळे एका माणसाचं घर सुटणार होतं, आणि मी फोटो एका बाजूने ताणला होता हे फक्त मला माहीत होतं.

शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये आम्ही चौघं फोनला चिकटून बसलो. घण पडत होते. सिमेंट फुटलं, खाली चिखल. पापांना बाजूला बसवलं होतं, ते बसल्या जागेवरून सूचना देत होते. माणसं हातभर खाली गेली आणि कोणीतरी ओरडलं. काळ्या दगडांचं गोल कडं! नीट रचलेलं, अर्ध्याहून जास्त शाबूत. पापा उठले, वाकले, त्या दगडांवर त्यांनी हात ठेवला आणि लहान मुलासारखे रडले. इकडे रुस्नी सासूबाईंच्या गळ्यात पडली. मी पण रडले, नाही कशाला म्हणू?

सासूबाई डोळे पुसून म्हणाल्या, "पाणी गोडं आहे का विचार."

गोडंच निघालं. गाळ उपसायला चार दिवस लागले, पण निघालं. नवं कोर्ट आता पापांच्या जमिनीत आहे. तिथले तीन खड्डे बुजवायचेच होते.

मी सगळे तर्क करून बघितले. रुस्नीने कधी वर्णन केलं असेल? त्याआधी त्या दोघी भेटल्याच नव्हत्या. योगायोग? अकरा छपरं, दोन वाटा, मशीद आणि वर विहीर? माझे ऑफिसातले लोक म्हणतात, अर्धगोल कुठेही बसवता येतो. बसवून दाखवा म्हटलं, तर कोणाला जमलं नाही. निखिल सगळं श्रेय स्वतःच्या मिरचीला देतो. सासूबाईंसाठी तर विषयच संपलाय. राजापूरला गेल्यावर त्यांनी पुन्हा कमळं सुरू केली आहेत. मी रोज सकाळी त्यांच्याकडून फोटो मागवते... आणि हो, उपग्रहाच्या फोटोवर ठेवून बघते. कमळंच असतात.

मागच्या आठवड्यात, कोणीही भर घालू शकतं अशा एका खुल्या नकाशावर मी ती विहीर टाकली. वस्तीला नाव दिलं, 'वर'. पुढचा रकाना आला — स्रोत. सर्वेक्षण लिहू? ते झालंच नाही. उपग्रह? तो तर बॅडमिंटन कोर्ट दाखवतो. अर्धा तास कर्सर लुकलुकत होता. दुसऱ्या कोणाचा बिंदू असता तर मी तो केव्हाच खोडला असता.

मग मी खरं तेच लिहिलं. स्रोत : सासूबाई.

अजून कोणी खोडलेलं नाही.