महादेवप्पांची नापास कॅसेट

आमच्या भवानी पेठेतले महादेवप्पा चादरीच्या कारखान्यात तपासनीस होते. चादर ताणायची, घासायची, धुऊन उन्हात टाकायची. रंग टिकला तर पास. हा रोग त्यांनी घरीही आणला होता. बाजारात साधा भोपळाही ते ठोकून, उजेडात धरून घेत, आणि मागे ताटकळून आमचे पाय मोडून येत.

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात जावयाने टेपरेकॉर्डर आणून दिला आणि गल्लीची शांतता संपली. लेक दाक्षायणी बाळंतपण आटोपून तान्हीला घेऊन भिलाईला निघणार होती. तान्ही झोपायची ती फक्त पणजीच्या, म्हणजे महादेवप्पांच्या आई काशम्मांच्या कानडी अंगाईवर. पणजी काही भिलाईला जाणार नव्हती. तेव्हा अंगाई कॅसेटमध्ये भरून देणं भाग होतं.

बाजारात मिळाल्या त्या बिननावाच्या कोऱ्या कॅसेटी. महादेवप्पांनी त्यांना चादरीचाच न्याय लावला. गच्चीवर जाऊन ‘हॅलो, मी महादेवप्पा’ असं भरायचं, कॅसेट उन्हात ठेवायची, मग वाजवून बघायची. कुणाची फीत गुंतली, कुणातला आवाज विहिरीतून आल्यासारखा. एक तर खरखरत होतीच, शिवाय मध्येच जिन्याखालून काशम्मांचा आवाज घुसला, म्हणून नापास झाली. शेवटी एक पास झाली. दम्याने बेजार झालेल्या काशम्मांनी जीव एकवटून तीत अंगाई गायली, अगदी सुरेख.

आता इथे तरी थांबावं की नाही माणसाने? पण कारखान्यात तयार माल बाहेर पाठवण्याआधी पुन्हा तपासतात. महादेवप्पांनी ती कॅसेट भर दुपारी जिन्यावरच्या पत्र्यावर ठेवली. संध्याकाळी तिचा पापड झाला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी. काशम्मांचा घसा पार बसलेला. तान्ही रडून लाल झालेली, दाक्षायणी रडवेली, आणि महादेवप्पा खाली मान घालून, कुठे काही कामाचं मिळतं का म्हणून, एकेक नापास कॅसेट लावत बसलेले. एरवी मी त्यांच्यावर चिडायचो, पण तेव्हा मला त्यांची मनापासून कीव आली. एवढ्यात खरखरीतून काशम्मांची हाक आली, “मादेवा, डोस्क्याला ऊन लागंल की. आत ये.”

तान्ही गप्प झाली. पुन्हा लावली, तशी झोपली.

दाक्षायणीने ती कॅसेट पदराखाली घेतली. “अप्पा, हिला आता तपासायचं न्हाय,” एवढंच ती म्हणाली.

पुढच्या वर्षी काशम्मा गेल्या. महादेवप्पा भिलाईला गेले की ती कॅसेट लावायला सांगतात. हाक आली की “आलो, अव्वा” म्हणतात, आणि खिडकीतलं ऊन सोडून आत भिंतीशी येऊन बसतात.