पंधरा इंचांचे खण

बोईसरला कपडे शिवण्याच्या कारखान्यात आम्ही दोघी नऊ वर्षं शेजारच्या मशीनवर बसलो. ती पालघरकडच्या मच्छीमार घरातली, मी सफाळ्याची. ब्लाउज बेतावा तर तिनंच. माझा हात ड्रेस आणि गणवेशांवर. दोघींनी मिळून तिथेच गाळा घ्यायचा आणि दसऱ्याला दुकान उघडायचं ठरलं. तिच्या भरवशावर मी नोकरी सोडली. ती मात्र "महिनाअखेर सोडते, ताई" म्हणत कारखान्यात पाळी करतच राहिली.

सुताराला सवड नव्हती, म्हणून दुकानाचं कपाट आम्हीच केलं. प्लायची चौकट, आतली रुंदी सोळा इंच. ओढायचे खण तीन: एक दोरे-बटणांचा, एक तिचा, एक माझा. खणांची मापं तिनं आमच्या शिवणाच्या टेपनं घेतली. प्लायवाल्याकडून तुकडे कापून आणले, जोडले, आणि पहिलाच खण चौकटीच्या तोंडाशी अडला. मोजला तर सतरा इंच.

"शिलाईला दोनी बाजूंनी अर्धा-अर्धा सोडला ना," ती म्हणाली.

"लाकूड शिवणार आहेस का, बये?"

फरशीवर बसून आम्ही पोटभर हसलो. कापडात वाढवायचं असतं, इथे कमी करायचं. खणाच्या दोन्ही बाजूंना सरकते चॅनल बसतात, प्रत्येकाला अर्धा इंच लागतो. सोळाच्या चौकटीत पंधराचा खण. तिनं ते तळहातावर पेननं लिहून घेतलं. मला तिचं कौतुक वाटलं.

तुकडे पुन्हा कापून आणले. ती चहा आणायला गेली तेवढ्यात मी काटकोनाचा गुण्या लावून चौकटीच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवल्या. मग तिला एकेक गोष्ट दाखवली. चॅनलमधली काळी पट्टी दाबली की त्याचे दोन भाग सुटे होतात. एक चौकटीला, एक खणाला. ती सारखी विचारत होती, स्क्रू आधी पुढचा की मागचा, किती आवळायचा. तिचा खण तिनं स्वतः बसवला आणि बोटानं आत ढकलला.

"बगा ताई, कशी होडी पान्यात गेली!"

दुसऱ्या दिवशी मी खणांच्या मुठी घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मुठी तो आपकी साथवाली परसों ही ले गई, दीदी. चॅनल भी, छह जोडी. वो पालघर का आपका दूसरा दुकान है ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पाळी सुटल्यावर ती गाळ्यावर आली तेव्हा मी सरळच विचारलं, "पालघरला कुणाचं दुकान आहे?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नवऱ्यानं गाळा बगितला. घराजवल हाय. तुमाला सांगनारच होते."

"कधी?"

"ह्ये कपाट झाल्यावर."

"मग इथे दोन दिवस माझ्याबरोबर स्क्रू कशाला पिळत होतीस?"

ओढणीचं टोक तिनं सोडून दिलं. मग म्हणाली, "कसं बसवतात त्ये बगायचं होतं. आमच्यात कोनाला येत नाय."

भांडण झालं असतं तर बरं होतं. ती एवढं खरं बोलली, की भांडायला काही उरलंच नाही. जाताना तिनं आपल्या खणातली कात्री काढून घेतली आणि खण नीट लावून गेली.

दसऱ्याला मी एकटीनं दुकान उघडलं. पाटीवरचा 'ब्लाउज' हा शब्द पेंटरकडून पुसून घेतला होता. ब्लाउजचं कापड घेऊन बायका यायच्या आणि तसंच परत न्यायच्या. तिच्या खणात मी चिंध्या भरल्या. तिन्हींत तोच सगळ्यात सहज सरकतो.

दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला. तिच्या मागे मशीनचा आवाज चालू होता.

"ताई, रागावू नका. खण आत जातच नाय, अर्ध्यात आडतो. सोलाच्या चौकटीत पंधराचाच केलाय, तुमी सांगितला तसा."

माप बरोबर होतं. चुकली होती ती उंची. एका बाजूचा चॅनल वर लागला असणार, दुसरा खाली. आधी रेघा माराव्या लागतात हे तिनं पाहिलंच नव्हतं; तेव्हा ती चहाला गेली होती. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"सुतार बोलाव," मी म्हटलं आणि गणवेशाची बाही मशीनखाली सरकवली.