दोन बोटं सैल

माझे सासरे जोतीराम आबा जगात कुणावरही विश्वास ठेवत नसत. ही मी निंदा करत नाही, ते स्वतःच हे अभिमानानं सांगत. वाटेत कुणी "कुठं निघालात?" म्हणून विचारलं, की इंदापूरला निघालेला हा माणूस "कळसला" म्हणून सांगायचा. डेअरीत दुधाचं फॅट बघायचं यंत्र आलं, तेव्हा त्याच्या मागं कुणी बसलंय का हे ते वाकून बघून आले. मी सून म्हणून वरकुट्याच्या वस्तीवर आले, तर वर्षभर त्यांना माझ्या हातच्या चहाचीसुद्धा शंका. आधी सासूबाईंनी घोट घ्यायचा, मग त्यांनी. मला राग यायचा. का येऊ नये?

सासूबाई, म्हणजे कुशाबाई, मला समजावायच्या की हा माणूस उघड्यावर वाढलाय, मनावर घेऊ नकोस. आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं कोकणच्या वाटेवर गेलं होतं. रोज नव्या रानात कळप बसवायचा आणि शेतमालक, चोर, लांडगा, शेजारी उतरलेला मेंढपाळ, सगळ्यांवर सारखीच नजर ठेवायची. एकदा तर जिवाभावाच्या सोबत्यानंच रातोरात त्यांचा चांगला मेंढा बदलला होता, म्हणे. पुढं रानाला कालव्याचं पाणी मिळालं, ऊस झाला. आबांनी मेंढरं विकली आणि एक जुना, छोटा ट्रॅक्टर घेतला. माणसांकडं बघायची नजर मात्र मेंढरांबरोबर विकली गेली नाही.

सत्त्याण्णव साली मला दिवस गेले. नऊ महिने भरत होते ते नेमके हस्त नक्षत्रात. आमच्याकडं पाऊस पडतो तो तेव्हाच, आणि वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतची पाणंद सगळी काळ्या रानातून जाते. त्या चिखलात आमच्या हलक्या ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरत राहायची. आदल्या वर्षी शेजारच्या सारजाला याच पाणंदीत उशीर झाला आणि तिचं पहिलं बाळ गेलं. त्यामुळं वस्तीवर सगळे माझ्या पोटाकडं एकदा आणि आभाळाकडं एकदा बघत. आमचे मालक बारामतीला एमआयडीसीत कामाला, ते आठवड्यातून एकदा घरी यायचे. मला बाहेर काढायचं काम आबांनाच करावं लागणार होतं.

कारखान्याच्या गाळपात एका ट्रॅक्टरनं चाकांना साखळ्या आवळून चिखलातून ऊस बाहेर काढलेला आबांनी पाहिला होता. तशाच साखळ्या घ्यायचं त्यांनी ठरवलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. मला तपासणीला बारामतीला नेलं, आणि दवाखान्यातून बाहेर पडल्यावर एसटी स्टँडऐवजी ते उलट्या बाजूला चालायला लागले, तेव्हा मला कळलं. त्यांच्या पिशवीत दावं होतं. मागच्या चाकाचा घेर त्या दाव्यानं मोजून त्यांनी गाठ मारून आणली होती.

पहिल्या दुकानातून आम्ही लगेच बाहेर पडलो, कारण दुकानदार फार हसून बोलत होता. दुसऱ्या दुकानातून बाहेर पडलो, कारण तो अजिबात हसत नव्हता. तिसरं दुकान भिगवण रस्त्याला होतं. तिथं माझे पाय इतके भरून आले होते, की दुकानदारानं न सांगताच मला स्टूल दिलं. आबांनी त्या स्टुलाकडंही संशयानं पाहिलं.

साखळ्या दोन जातीच्या होत्या. एक चकचकीत, पांढरी. दुसरी काळी, खरबरीत, जाड कडीची. बाजारात मेंढा बघावा तशी आबांनी दोन्ही साखळ्यांची तपासणी केली. कडी दगडावर आपटली, आवाज ऐकला, जोडावर नख फिरवलं, वास घेतला. पांढरी त्यांनी लगेच बाजूला सारली. विकायच्या जनावराला तेल चोळून आणतात, ते चमकतं, असं ते म्हणाले. दुकानदारही प्रामाणिक निघाला. चिखलाच्या कामाला काळीच बरी, असं त्यानं कबूल केलं. तेवढ्यापुरता आबांचा संशय बरोबर ठरला आणि तेच वाईट झालं, कारण त्यांना आणखी जोर चढला.

दुकानदारानं दाव्याचं माप घेतलं आणि सांगितलं, साखळी यापेक्षा थोडी आखूड घ्या. टायरातली हवा कमी करायची, साखळी घट्ट आवळायची, मग ती जागची हलत नाही. साखळी तो किलोवर विकत होता. आबांचे डोळे बारीक झाले. जो माणूस वजनावर विकतो तो गिऱ्हाइकाला कमी घ्या कशाला म्हणेल? यात काहीतरी काळंबेरं असलंच पाहिजे. एवढ्यात दुकानदारानं मला माहेर विचारलं. मी वडगाव निंबाळकर म्हटलं. तो आनंदानं म्हणाला, "मग तुमी आमच्या गावच्याच की, ताई." मी डोळे मिटून घेतले. आबांना सगळा कट एका क्षणात दिसला असणार: मी, माझं माहेर, ते स्टूल आणि आखूड साखळी.

त्यांनी दाव्यापेक्षा चांगली लांब साखळी तोडून घेतली, आडव्या कड्या जोडून घेतल्या आणि परत येताना एसटीत माझ्यापासून दोन बाकं लांब बसले.

घरी त्यांनी साखळ्या मागच्या चाकांवर चढवल्या आणि साखळी व टायर यांच्यामधे दोन बोटं घालून बघितली. जनावराच्या गळ्यात दावं बांधताना आमच्यात हीच रीत. दोन बोटं सहज गेली पाहिजेत, नाहीतर गळा आवळतो. आबांनी जन्मभर हजारो गळ्यांत तसंच दावं बांधलं होतं. मी सासूबाईंना म्हटलं, दुकानदार घट्ट म्हणत होता. आबांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. कोरड्या अंगणात ट्रॅक्टर खुळखुळ वाजत फिरला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

हस्तानं आम्हाला सोडलं नाही. सलग पाऊस लागला, आणि एका सकाळी भाकरी थापतानाच माझ्या पोटात कळ आली. सासूबाईंनी ट्रॉलीत पोती अंथरली, वर घोंगडी धरली. आबांनी ट्रॅक्टर पाणंदीत घातला. निम्मी वाट चांगली गेली. ओढ्याजवळच्या वळणावर मात्र चाक फिरलं आणि साखळी जागेवरच राहिली. सैल साखळी टायरावरून एका बाजूला सरकली, मडगार्डला अडकली आणि ट्रॅक्टर आचके देत थांबला. चाक आणखी खाली बसलं.

आबा खाली उतरले. त्यांनी साखळी परत वर ओढली, दोन बोटं घालून बघितली आणि ट्रॅक्टर चालू केला. ती पुन्हा निसटली. तिसऱ्यांदाही तेच. पाऊस तोंडावर मारत होता आणि माझ्या कळा जवळ जवळ येत होत्या. मला सारजा दिसायला लागली. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि इतका रागही कधी आला नव्हता.

"आबा," मी घोंगडी बाजूला करून ओरडले, "हवा कमी करा आन् साखळी आवळा. जनावराचा गळा न्हाय त्यो."

आबा चिखलात गुडघ्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हवा काढल्यावर टायर बसला, तर हितंच ऱ्हाऊ. त्यो तुज्या गावचा माणूस. त्याचं ऐकू मी?"

"त्याचं नका ऐकू. माजं ऐका."

आबांनी डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि मला निरखलं. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं हे मला ठाऊक आहे, कारण ते त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. ही पोरगी आपल्याला फसवत असेल का, हे ते तपासत होते. माझ्या पोटात त्यांचं नातवंड होतं, तरी तपासत होते. मग त्यांनी कुंपणाची बाभळीची काडी मोडली आणि काट्यानं टायरच्या हवेचा वाल दाबला. हवा फुस्स करून निघाली.

"बास म्हण," ते म्हणाले.

मी टायर बघत होते. कुठं थांबायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. टायर पोटात जरा दबला तेव्हा मी बास म्हटलं. त्यांनी साखळी ओढली, चार कड्या सोडून पुढच्या कडीत बोल्ट घातला, पान्यानं आवळला. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. या वेळी त्यांनी बोटं घालून बघितली नाहीत. ट्रॅक्टर एकदा घसरला, मग काळ्या कड्यांनी चिखल धरला आणि आम्ही वळण चढलो. सडकेला लागताच जीप मिळाली.

इंदापूरच्या दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात मला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्या दिवशी तिथं आणखी दोघी बाळंत झाल्या होत्या, म्हणजे पोर बदलायची शंका आलीच. संध्याकाळपर्यंत आबा दारात उभे होते. नर्सनं त्यांना पोरगी दाखवली, ते नुसते हुं म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्यांनाही हुं. सासूबाईंनी सांगितलं, नाक बघा, आपल्याच घरचं हाय. त्यावर ते म्हणाले, असली नाकं लई असतात. मला ते सगळं आतून ऐकू येत होतं आणि हसूही येत नव्हतं, इतकी मी दमले होते.

मग ते पडदा सरकवून माझ्या खाटेजवळ आले. धोतर अजून चिखलानं माखलेलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला, जणू कुणी आमचं बोलणं चोरून ऐकत होतं.

"सूनबाई, ही आपलीच हाय न्हवं?"

"व्हय, आबा. आपलीच हाय."

"मग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी पोरीला घ्यायला हात पुढं केले.